पंगतीत वगळलेला जावई

औरंगाबाद, १५ जानेवारी १९९८

द्वारके,

पत्राच्या डोक्यावर काय काय लिहायचं असतं ते तू पोरांना शिकवतीस. मला ते येत नाय. मी चौथीपर्यंत शिकले, त्यात एवढंच बसतं की मी जिती हाय आन् तू बी असशील. पुढचं वाच. फाडायचं असंल तर वाचून फाड.

तुझी लेक काल येऊन गेली. दारात उभी राहून म्हणली, "आजी, मी रेणुका." मला काय कुणी सांगायला पायजे व्हतं? नाक तुझं, कपाळ तिच्या बापाचं. हातावर तिळगूळ ठेवला आन् म्हणली, "गोड बोला." शेजारची मुनिरा तिथंच शिलाई करत बसली व्हती, ती इतकी हसली की तिला ठसका लागला. उभ्या जिल्ह्याला शिव्या घालून पोट भरलेल्या बाईला गोड बोल म्हणणारी तुझी लेक पहिलीच. मी तिळगूळ खाल्ला. काही बोलले नाय. आवाज जरा बसलाय माझा, म्हणून तर लिहितेय, नाहीतर नांदेडला तुझ्या शाळेत फोन लावला असता आन् हेडमास्तरासकट सगळ्यांना ऐकवलं असतं.

लगीन ठरलं म्हणली. पोरगा वैजापूरचा, अंकुश नाव, वाळूजच्या कंपनीत हाय. मे महिन्यात, इथंच, औरंगाबादला. जाताना सांगून गेली की आजी, मी आले ते आईला कळू देऊ नका. म्हणून कळवतेय. तिच्यावर ओरडू नको, तिला आजी बघायची व्हती.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. तुझी शपथ सोडव.

तुझ्या मालकाला जाऊन आता वीस वर्षं व्हतील. दहाव्याला नदीवरून परत आल्यावर तू मला म्हणलीस, "माय, आजपासून त्यांचं नाव तुझ्या तोंडातून निघता कामा नये. माझ्या पोटातल्याची शपथ." मी पाळली. आजवर नाव घेतलं नाय, ह्या कागदावर बी लिहिणार नाय. पण ती पोटातली आता बोहल्यावर चढतेय. एका कार्डावर एवढंच लिही, "शपथ सुटली." तुझं काय जातंय त्यात?

का, ते बी सांगते. हसायचं तर हस. जावई अजून गेलेले नायत. तुझ्या लग्नाच्या पंगतीत बसले व्हते तसेच बसलेत. मुंडावळ्या बांधलेल्या, पुढ्यात पान, हात मांडीवर. जेवत नायत. मी स्टेजवर उभी राहिले की पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांच्या पुढं, खाली जमिनीवर बसायचे. खुर्चीत कलेक्टर असो का तहसीलदार, मी एकेकाची सालटी काढत जायचे, आन् हे माझ्या तोंडाकडं बघत राहायचे, आता आपलं नाव येईल म्हणून. मी कार्यक्रम बंद केले तसे घरी यायला लागले. मी ताट घेऊन बसले की समोर बसतेत. म्हणून मी ओट्यापाशी उभ्यानं जेवते. मुनिरा इचारती, सारजाबी, बैठ के क्यों नइं खाते? तिला काय सांगू?

रेणुकाच्या लग्नात पंगत बसंल. अंकुशच्या शेजारी हे येऊन बसतील, ते बी नवरदेवाच्याच कपड्यात. मला ते बघवणार नाय. एका पंगतीत दोन नवरदेव नकोत, द्वारके. नाव घेऊन त्यांना उठवायला पायजे.

माय


औरंगाबाद, १८ फेब्रुवारी १९९८

द्वारके,

कार्ड मिळालं. अक्षर लई सुरेख. मजकूर वंगाळ.

"मी असल्या गोष्टी मानत नाही. तुला गप बस मीच म्हणाले होते, ते मला रोज आठवतं, तू आठवण करून द्यायची गरज नाही. आणि तुझा आवाज बसलेला नाही, घसा काढलेला आहे, हे रेणुकानं मला सांगितलं. हे तू का लपवलंस?"

का लपवलं म्हणजे? वीस वर्षांत तू मला एकदा तरी इचारलं का, माय तुझा घसा कसा हाय? व्हय, काढला. मागच्या पावसाळ्यात. आत गाठ झाली व्हती, डॉक्टरनं आवाजाची पेटीच काढून घेतली आन् मानंला भोक पाडलं. त्यातून श्वास घेते. मुनिरानं त्याच्यावर बांधायला मलमलीचे रुमाल शिवलेत, काठाला बारीक नक्षी घालून. ती म्हणती, "सारजाबी, तुम चुप बैठे तो गल्ली में मय्यत हुई सरीका लगता." मी पाटीवर लिहून तिला उत्तर देते. शिवी लिहायला वेळ लागतो, तोवर समोरच्याचं हसू निघून जातं. एवढंच दुःख हाय, बाकी मी ठणठणीत हाय.

तू मानत नायस. मी कुठं मान म्हणतेय? मी बघितलं ते सांगते, तू बी.ए. झालेली हायस, ठरव.

माझी माय मनकर्णाबाई हे काम करायची, तुला ठाऊकच हाय, पण तू ते कधी नीट ऐकून घेतलं नायस. नवरीकडचे लोक तिला पान-सुपारी द्यायचे. नवऱ्याकडची पंगत बसली की ती पुढं उभी राहायची आन् एकेकाचं नाव घेऊन त्याला धुवून काढायची. पहिला मान वऱ्हाडातल्या म्हाताऱ्याचा, मग व्याहीबुवा, विहीणबाई, मग नवरदेव. कुणाला सोडायचं नाय. जातीवर बोलायचं नाय, गरिबीवर नाय, लेकरू नसलेल्या बाईवर नाय. आन् दोनच माणसांना वगळायचं. एक ज्याच्या घरात सुतक हाय तो, आन् एक ज्याच्यापुढं डॉक्टर-वैद्यानं हात टेकलेत तो. त्याच्यावरून नजर फिरवून पुढच्याकडं जायचं. पंगतीला ते कळतं. कुणी काही बोलत नाय.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी बारा वर्षांची व्हते. त्याच्या पुढची दोन-तीन वर्षं मायबरोबर लग्नाला गेले की मला भ्या वाटायचं. माय पंगतीपुढं उभी राहायची आन् एकाला सोडून, दुसऱ्याला सोडून, तिसऱ्याचं नाव घ्यायची. अर्धी पंगत वगळावी लागायची. मुसलमानांच्या घरी शादीत मिरासनी बायका असल्याच शिव्यांची गाणी गायच्या, त्यांचं बी तेच चाललं व्हतं, मुनिराची आई सांगायची. कुणाचं कोण गेलं, कुठं गेलं, ते वगळण्यावरून कळायचं. पेपर कुठं व्हते तेव्हा खेड्यात.

मग मी उभी राहायला लागले. सोळाची असंल. वैजापूरकडच्याच एका लग्नात नवऱ्याचा मामा, पुंजाराम, मांडवाच्या खांबाआड बसला व्हता. मला दिसला नाय. मी त्याला ओलांडून पुढं गेले. गडी हातातला घास टाकून उठला आन् म्हणला, "का गं पोरी, मी मेलोय का?" सगळे हसले. मी बी हसून त्याला दोन शिव्या घातल्या, पण पानावरून उठलेल्याला घातलेली शिवी लागू व्हत नाय. तो दिवाळी बघायला राहिला नाय. त्यानंतर मी जिथं जाईन तिथं पुंजाराम पंगतीत बसलेला. दुसऱ्या कुणाला दिसत नसायचा. मायला सांगितलं तर ती म्हणली, त्याच्या वर्षश्राद्धाला जा आन् पंगतीत त्याचं नाव घे. मी गेले. मामा, खांबाआड बसून जेवायची सवय तुमची, वाढप्याला चुकवून दोनदा बुंदी घ्यायची, असं काहीबाही म्हणले. त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली आन् मग रडली. पुंजाराम उठून गेला. पुन्हा आला नाय.

ही बातमी फुटली आन् माझं नशीब उघडलं. सारजानं वगळलं की माणूस जातो, असं लोक बोलायला लागले. मग कोण वगळून घेईल? बन्सी मंडपवाला मला वैजापूरहून इथं घेऊन आला आन् औरंगपुऱ्याच्या गणपतीत माइकपुढं उभं केलं. त्याच्या पाट्या तुला आठवत असतील, "सारजाबाई तुमचं नाव घेणार." साहेब लोक आधी ड्रायव्हर धाडायचे, बाई, साहेबांना विसरू नका. एका डेप्युटी साहेबाला म्हणले, साहेब, तुमच्याआधी तुमचं पोट हापिसात पोचतंय, हजेरी ते लावतंय आन् पगार तुम्ही उचलताय. त्यो खुर्चीतून खाली घसरला हसून. दुसऱ्या दिवशी घरी पेढे धाडले. तू त्यातला एक बी खाल्ला नायस. शाळेत पोरी तुला शिवीवालीची पोर म्हणायच्या, ते मला ठाऊक हाय. माझ्या त्याच तोंडाच्या कमाईवर तू बी.ए. झालीस, ते बी ठाऊक असू दे.

आन् मग तुझं लगीन. जावयाच्या घरचे सुधारलेले, त्यांना असलं काही नको व्हतं. तू माझा हात धरून म्हणलीस, "माय, माझ्यासाठी एक दिवस गप बस." लेकीनं मागितलं. मी भिंतीला टेकून बसले, सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली आन् तोंड मिटून घेतलं. जावयानं एकदा माझ्याकडं बघितलं. त्यांना ऐकायचं व्हतं, द्वारके. लहानपणी गणपतीत मला ऐकायला यायचे, त्यांनीच मला सांगितलं व्हतं. मी मान खाली घातली.

सात महिन्यांनी पैठणहून येताना ढोरकीनच्या पुढं त्यांची फटफटी उभ्या ट्रकवर गेली. बाकीची पंगत तर आज बी धडधाकट हाय. म्हणजे वगळल्यानं माणूस मरत नाय, एवढा हिशेब मला बी कळतो. पण जे गेले ते वाट बघत बसलेत, हे बी खरं हाय. मी काय करू?

माय


औरंगाबाद, ९ मार्च १९९८

द्वारके,

कार्ड मिळालं. "शपथ सुटली." बाकी काही नाय, सही बी नाय. चालंल.

रात पडायची वाट बी बघितली नाय. मुनिराला बाहेर घालवलं, दार लावलं, दोन पानं वाढली आन् खाली बसले. ते समोर आले. मी तोंड उघडलं. आता माझ्या तोंडातून काय येणार? वारा बी येत नाय, तो मानंच्या भोकातून जातो. तरी मी वीस वर्षांचं सगळं बोलले, नुसते ओठ हलवून. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग खाली पानाकडं बघायला लागले. मी पाटीवर नाव लिहून समोर धरलं. काही झालं नाय. ऐकू यायला पायजे, तेवढंच मागणं हाय त्यांचं.

शपथ घातलीस तेव्हा मला आवाज व्हता. सोडवलीस तेव्हा आवाज नाय. तू लहानपणापासून गाडी सुटल्यावर स्टँडवर पोचतीस.

आन् रेणुका लिहिती की अंकुशच्या बापाला, कारभारी व्याहीबुवांना, बुफे पायजे. वैजापूरचा माणूस, कांद्याची आडत, आन् ह्यांना उभ्यानं जेवायचंय. हातात ताट धरून लाइनीत उभं राहायचं, जिलबी कुणी वाढायची नाय, आग्रह नाय, कोण कुणाशेजारी हाय ठाऊक नाय. तिथं नाव कुणाचं कुठून घ्यायचं? सगळे इकडून तिकडं पळत असतेत. त्यांना सांग, बुफे करा नाहीतर काही करा, मानाची एक पंगत खाली बसवायचीच. नाय बसवली तर मी मांडवाच्या दारात पाटी घेऊन उभी राहीन आन् पाटीवर काय असंल ते त्यांनी ठरवावं.

आता नाव घ्यायला एकच जण उरलाय. कोण ते तुला कळलं असंल.

माय


औरंगाबाद, २ एप्रिल १९९८

द्वारके,

पाडव्याला आलीस, बरं वाटलं. घरात आल्या आल्या "किती खराब झालीस" म्हणलीस, तेव्हा मला वाटलं ही शिकंल. सुरुवात चांगली केली व्हतीस, मग रडायला लागलीस.

दवाखान्यात नेलंस ते बी बरं केलंस. मला बाकावर बसवून तू आत लई वेळ व्हतीस. बाहेर येऊन म्हणलीस, "जखम छान भरतेय, माय, काळजीचं काही नाही." मग रिक्षात माझा हात धरून बसलीस, पार औरंगपुऱ्यापर्यंत. मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी लेकीला माया आली.

तू "नाही" म्हणलीस ते मी ऐकलं. मला असं बोलता येत नाही, मी मास्तरीण आहे, मी विधवा आहे, लोक काय म्हणतील, सगळं ऐकलं. शेवटी म्हणलीस ते बी ऐकलं, की मी पण त्यांचं नाव घेतलेलं नाही, एकदाही नाही, रेणुकासमोरसुद्धा "तुझे बाबा" असंच म्हणते. तेव्हा मला तुझी दया आली. आपण दोघींनी मिळून त्या माणसाला बिननावाचं करून ठेवलं. रेणुका कोपऱ्यात बसून ऐकत व्हती. ती म्हणली, "आई, मला माझ्या लग्नात बाबांचं नाव ऐकायचंय." तू उठून आत गेलीस. भांडी घासायला लागलीस, घासलेलीच.

मी तुला कसं करायचं तेवढं लिहून ठेवते. करायचं का नाय ते तुझं तू बघ.

घाईघाईनं बोलायचं नाय. आधी माणसाचं नाव घ्यायचं आन् थांबायचं. तो मान वर करतो. त्याचा चेहरा आधी भितो, मग हसायची तयारी करतो. ती तयारी झाली की बोलायचं. भितानाच बोललं तर ते लागतं.

माझी वाक्यं वापरू नको. मी आडाणी बाई, मी घरातलं आन् शेतातलं बोलायचे. तू शाळेतलं बोल. तुझ्या वर्गात जशी बोलतीस तशी. रेणुका म्हणती की तू पोरांना उभं करून जे बोलतीस ते ऐकायला दुसऱ्या वर्गातली पोरं खिडकीशी येतेत. म्हणजे रक्तात हाय, तू कितीबी नांदेडला जाऊन बस.

ज्याचं नाव घेशील त्याच्याकडं प्रेमानं बघायचं. तोंडात शिवी आन् डोळ्यात माया, असं नसंल तर ते भांडण व्हतं.

वगळायचं कुणाला ते तुला ठाऊक हाय. सुतकवाला, आन् ज्याचा उपाय संपला तो. बाकी कुणाला चुकवायचं नाय, खांबाआड बघून घ्यायचं.

जावयाचं पान तू स्वतः वाढ. अंकुशच्या डाव्या हाताला जागा ठेव. बायकोनं नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं असतं, तू शिवीत घे. त्यांना चालंल.

माय


औरंगाबाद, १९ मे १९९८

द्वारके,

तू नांदेडला पोचली असशील. मांडव काढला, बन्सीनं म्हातारपणात उभं राहून स्वतः खांब मोजून घेतले. मुनिराचे पाय सुजलेत, तरी ती अजून लग्नाचंच बोलती.

तू पंगतीकडं तोंड करून उभी व्हतीस आन् मी भिंतीकडून सगळं बघत व्हते. तुला जे दिसलं नाय ते सांगते.

तू उठून पुढं गेलीस तेव्हा बायका कुजबुजल्या. विधवा बाई पंगतीपुढं कशाला, असं कुणीतरी म्हणलं. तुझ्या हातात वेलदोड्याची डबी व्हती, ती तू दोनदा उघडलीस आन् मिटलीस. मी म्हणलं, गेली ही, आता पाया पडून परत येईल. तू म्हणलीस, "कारभारी भाऊ." आन् थांबलीस. थांबलीस, द्वारके! त्यांनी जिलबीचा घास तसाच धरून मान वर केली. तू म्हणलीस, "मघापासून नुसती बेरीज चाललीय. वजाबाकी शिकवली नाही का कुणी?" अख्खी पंगत हसली. विहीणबाईंना म्हणलीस, "अंगावर इतकं सोनं घालून आलात, पण आवाज ऐकला की वाटतं, एखादं कुलूप पण आणायला हवं होतं." हे माझ्यापेक्षा चांगलं झालं. मी असते तर लांबवलं असतं.

अंकुशला म्हणलीस, "नवरदेव, सकाळपासून मान खाली. गृहपाठ केला नाही का?" पोरगं लाजून लाल झालं. गुणाचं वाटतं.

मग तू त्याच्या डाव्या हाताच्या पानापुढं आलीस. पंगतीला वाटलं कुणी हात धुवायला उठून गेलंय. मला दिसत व्हतं. ते बसले व्हते, तुझ्याकडं बघत. तू म्हणलीस, "बद्रीनाथ."

वीस वर्षांनी मी ते नाव ऐकलं. आता लिहायला हरकत नाय, बद्रीनाथ. त्यांनी मान वर केली. भ्यायले आधी. तू थांबलीस. तुला काही दिसत नव्हतं, तरी जेवढं थांबायला पायजे तेवढंच थांबलीस, हे तुला कसं जमलं देव जाणे.

"माझ्या लग्नात एवढे गप बसलात की मला वाटलं, किती शहाणा नवरा मिळाला. सात महिन्यांत पळून गेलात. लेकीचं तोंड बघायलाही थांबला नाहीत. वीस वर्षांत मला एकदा स्वप्नात यायला तुम्हाला सवड झाली नाही, आणि माझ्या मायच्या घरी मात्र रोज पानावर बसता. मेल्यावर घरजावई झालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला."

कुणी हसलं नाय. फक्त ते हसले. लग्नात हसायला पायजे व्हते तसे, खांदे हलवून. रेणुका अंकुशच्या दुसऱ्या हाताला बसली व्हती, ती रडत व्हती. मग त्यांनी पानावरचा भात कालवला, एक घास खाल्ला, मुंडावळ्या सोडून पानाशेजारी ठेवल्या आन् उठले. जाताना तुझ्या अंगावरून गेले. तू पदर सावरलास तेव्हा. नंतर मी मांडवभर शोधले, कुठं दिसले नायत. घरी बी येत नायत. मी काल खाली बसून जेवले.

इथवर लिहून मी उठणार व्हते. पण लिहिते.

पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी गलका केला, बाई, तुमच्याकडच्यांना बी धरा, आम्हीच किती ऐकायचं? ते रीतीत बसत नाय, नवरीकडच्यांना कुणी धरत नाय. पण तुझी भीड चेपली व्हती, तू आमच्या भिंतीकडं वळलीस. माझ्या उजव्या हाताला बन्सी. "बन्सीमामा, आयुष्यभर दुसऱ्यांचे मांडव घातले, स्वतःच्या घराचं पत्र्याचं छत मात्र अजून गळतंय." बन्सी टाळ्या वाजवायला लागला.

मी मान पुढं करून बसले. खरं सांगते, मला लई आनंद झाला व्हता. चाळीस वर्षं मी दुनियेला धुतलं, मला कधी कुणी धुतलं नाय. कुणाची छाती झाली नाय. मला वाटलं, आता माझी लेक. काय म्हणंल ते मी मनात ठरवत बसले. माझ्या मानंच्या रुमालावर बोलशील, का वीस वर्षं पत्र न लिहिल्यावर. हसायची तयारी करून बसले व्हते.

तू माझ्याकडं बघितलंस. तुझी नजर माझ्यावरून फिरली, आन् तू माझ्या डाव्या हाताच्या मुनिराला म्हणलीस, "मुनिराखाला, तुम्ही शिवलेला ब्लाउज..." पुढचं मला ऐकू आलं नाय. सगळे हसत व्हते. कुणाच्या ध्यानात आलं नाय, आई म्हणून सोडली असं वाटलं असंल. पंगतीत मीच एक शिकलेली व्हते.

डॉक्टरनं आत तुला काय सांगितलं ते आता इचारत नाय. तू माझ्याशी खोटं बोललीस, रिक्षात हात धरून बसलीस, आन् मी माया समजले. खोटं तुला चांगलं जमलं. पण पंगतीपुढं उभी राहिल्यावर तुला ते जमलं नाय, कारण तिथं खोटं बोलता येत नाय. मी रागावले तुझ्यावर. चार दिवस पाटीवर मुनिराला बी काही लिहिलं नाय. आज राग नाय. तू नियम बरोबर पाळलास. मीच लिहून धाडला व्हता.

पण तो नियम चारचौघांच्या पंगतीचा हाय. घरात तो लागू नाय. मी अजून पानावरून उठलेले नाय, द्वारके. मला बद्रीनाथासारखं वाट बघत बसायचं नाय कुणाच्या समोर, तुझ्या तर नायच नाय. नाहीतर माझ्यासारखं तुला उभ्यानं जेवावं लागंल.

शाळेला सुट्ट्या हायत, जूनपर्यंत तिथं काय करतीस? ये. मला खाली बसव, पान वाढ, आन् माझं नाव घे. नाव घेऊन थांब. मी भ्यायले तरी थांब. मग वीस वर्षांचं काय असंल ते बोल, आधीचं बी बोल, पेढ्यांचं, शाळेतल्या पोरींचं. लई वंगाळ बोल. मधी रडू नको. मी उलटून बोलणार नाय, तेवढी तुझी सोय झालेली हाय.

तुझी माय,
सारजा